जर्नलचं कपाट रिकामं झालं तेव्हा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात छापील जर्नलं येणं कमी झालं, तेव्हा स्टाफरूममध्ये बरीच कुरकुर झाली. "चाळायला हाती काही नको का?" एक ज्येष्ठ सर पोटतिडकीने विचारत. त्यांना संगणकाचं वावडं नव्हतं. नवा अंक चाळताना आपल्या विषयाबाहेरचा एखादा लेख नजरेला पडतो, तो पडद्यावर मुद्दाम शोधायला कोण जाणार, असं त्यांचं म्हणणं. मला ते आजही पटतं. कोणतं जर्नल बंद करायचं हे आम्हा शिकवणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मनाला लागलं ते हेच.

पण मी शेगावात राहते. आमचं विद्यापीठ, 1983 साली स्थापन झालेलं, अमरावतीला. पीएचडीच्या काळात जुना प्रबंध पाहायचा तर सकाळची गाडी पकडायची, उतारे वहीत उतरवायचे आणि संध्याकाळी परतायचं. आता गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगे'वर देशभरातले प्रबंध घरबसल्या उघडतात. ही सोय मला कुणी परत मागितली तर मी भांडेन.

2018मध्ये यूजीसीचे साहित्यचोरीविरोधी नियम आले. साधर्म्य 10 टक्क्यांच्या वर गेलं की कारवाई. आमच्याकडे तपासणीचं काम ग्रंथालयाकडे आलं आणि कालपर्यंत पुस्तक काढून देणाऱ्या ग्रंथपाल मॅडमची एकाएकी धास्ती वाटू लागली. त्यांनी मात्र नुसता अहवाल हातात ठेवला नाही. शेजारी खुर्ची ओढून बसवलं, पडद्यावरची एकेक रंगीत ओळ दाखवली: ही संदर्भसूची, ही मोजायची नसते, हे अवतरण, हेही नाही, हा परिच्छेद मात्र तुमच्या शब्दांत लिहा. त्यानंतर सहकारी आपणहून मसुदे घेऊन जाऊ लागले. कोणत्याही सूचनापत्रकाने हे झालं नसतं.

आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलंय. केंद्राने नोव्हेंबर 2024मध्ये त्याला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नलं. योजना उत्तमच. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे, आमच्यासारखी विनाअनुदानित कॉलेजं त्यात नाहीत. विद्यापीठातल्या मैत्रिणीला जो लेख एका क्लिकवर उघडतो, त्याच लेखासाठी माझ्यासमोर डॉलरमधली किंमत येते. आम्ही शिकवतो ती मुलं त्याच विद्यापीठाची परीक्षा देतात. पुढच्या टप्प्यात आम्हाला घ्या, आणि या वेळी यादी ठरवताना आम्हालाही विचारा.