जुगाराच्या पैशाला वेसण : ऑस्ट्रेलियातील कॅसिनो ॲप आणि कायदा

ऑस्ट्रेलियात प्रौढ व्यक्तीने जुगार खेळणे हा गुन्हा नाही. मेलबर्न वा सिडनीच्या कॅसिनोत जाऊन रूले खेळायला, मोबाइलवरून घोड्यांच्या शर्यतीवर पैज लावायला किंवा लॉटरीचे तिकीट ऑनलाइन घ्यायला कायद्याची हरकत नसते, मात्र तेच रूले खऱ्या पैशांवर मोबाइलच्या पडद्यावर खेळू देणे २००१ पासून तेथे बेकायदेशीर आहे. वरवर विसंगत वाटणाऱ्या या भेदामागे एक ठाम धोरण आहे. खेळणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याऐवजी खेळ पुरवणाऱ्याला जबाबदार धरायचे आणि पैसा कोणत्या वाटेने येतो, किती सहज येतो व कोणत्या आमिषाने येतो यावर पहारा ठेवायचा, असे त्या धोरणाचे स्वरूप असून गेल्या काही वर्षांत हा पहारा क्रमाक्रमाने कडक होत गेला आहे. भरणा आणि बक्षीस या दोन गोष्टींवर त्याचा जो परिणाम झाला, तो समजून घेण्यासाठी आधी ‘कॅसिनो ॲप’ या एकाच नावाखाली एकत्र येणारे वेगवेगळे धंदे निराळे करून पाहावे लागतात.

एक नाव, तीन धंदे

‘इंटरॅक्टिव्ह गॅम्बलिंग ॲक्ट २००१’ या संघराज्याच्या कायद्याने ऑस्ट्रेलियात असलेल्या व्यक्तीला पोकर, ब्लॅकजॅक, रूले किंवा चक्री फिरवणारी यंत्रे, ज्यांना तेथील बोलीत ‘पोकीज’ म्हणतात, यांची खऱ्या पैशांवरील ऑनलाइन सेवा देण्यास मनाई केली आहे. त्यामुळे असे खेळ देणारे ॲप परदेशातून चालणारे आणि ऑस्ट्रेलियाच्या दृष्टीने बेकायदा असते. दुसरा प्रकार परवानाधारक पैजेच्या ॲपचा. खेळाच्या सामन्यांवर व शर्यतींवर पैजा घेणाऱ्या या कंपन्यांना परवाने राज्ये आणि प्रदेश देतात, त्यांतल्या बहुतेक मोठ्या ऑनलाइन कंपन्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशाच्या परवान्यावर चालतात, आणि सामना सुरू झाल्यानंतरची पैज त्यांना ऑनलाइन स्वीकारता येत नाही. तिसरा प्रकार ‘सोशल कॅसिनो’ म्हणून ओळखला जातो. त्यात खरे पैसे देऊन खोटी नाणी विकत घेतली जातात, पण जिंकलेली नाणी पुन्हा पैशांत बदलून मिळत नाहीत, म्हणून कायद्याच्या व्याख्येत तो जुगारच ठरत नाही.

जुगाराचे परवाने राज्यांच्या हाती, तर बँका, चलन आणि दूरसंचार संघराज्याच्या अखत्यारीत, अशी सत्तेची वाटणी असल्यामुळे कॅनबेरातील सरकारला जुगाराला लगाम घालण्याचा सोपा मार्ग पैशाच्या आणि इंटरनेटच्या वाटेवरूनच जातो. २०१७ मध्ये मूळ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने दूरसंचार व माध्यमांवर देखरेख करणाऱ्या ‘ऑस्ट्रेलियन कम्युनिकेशन्स अँड मीडिया अथॉरिटी’ या संस्थेला, म्हणजे ‘अक्मा’ला, दिवाणी दंडाचे अधिकार मिळाले आणि ऑनलाइन पैजकंपन्यांनी ग्राहकांना उधारी देण्याची जुनी पद्धत बंद झाली, तिच्या मोजक्या अपवादांत शर्यतीच्या मैदानावरील छोट्या बुकींचा समावेश होतो.

उधारीवर टाच

कंपनीने उधार देणे थांबले तरी बँकेकडून उधार घेऊन खेळण्याचा मार्ग मोकळाच होता, कारण क्रेडिट कार्ड म्हणजे अखेर न कमावलेला पैसा. ही वाट ११ जून २०२४ पासून बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीनुसार ऑनलाइन पैजेसाठी क्रेडिट कार्ड, मोबाइलमधील वॉलेटला जोडलेले क्रेडिट कार्ड, उधारीची तत्सम साधने आणि बिटकॉइनसारखे आभासी चलन स्वीकारण्यास कंपन्यांना मनाई झाली असून नियमभंगासाठी २,३४,७५० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाची तरतूद तेव्हा जाहीर करण्यात आली. लॉटरीला मात्र या बंदीतून वगळले आहे. परवानाधारक ॲपमध्ये आता मुख्यतः डेबिट कार्ड, बँकेतून थेट हस्तांतर आणि ‘पेआयडी’ एवढेच मार्ग उरतात. पेआयडी ही मोबाइल क्रमांक वा ईमेलवरून तत्काळ पैसे पाठवण्याची सोय आहे, भारतातल्या यूपीआयशी तिचे बरेच साम्य आहे.

ही बंदी प्रत्यक्षात राबते कशी, हे समजण्यासाठी कार्डव्यवहाराच्या आत डोकावावे लागते. कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला त्याची बँक व्यवसायाच्या प्रकारानुसार चार अंकी संकेतांक देते. किराणा, हॉटेल, पेट्रोल पंप अशा प्रत्येकाचा संकेतांक वेगळा असतो आणि पैज व कॅसिनो यांच्यासाठी ७९९५ हा अंक राखलेला आहे. ग्राहकाने रक्कम भरताच हा अंक कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोहोचतो, त्यावरून बँक व्यवहार अडवू शकते, आणि ऑस्ट्रेलियातील मोठ्या बँका आपल्या ॲपमध्ये ग्राहकाला ‘जुगाराचे व्यवहार रोखा’ असे बटण देतात तेही बऱ्याच अंशी याच अंकाच्या जोरावर. उलट, व्यवहार दुसऱ्याच धंद्याच्या नावाने पुढे सरकवला की ही सगळी चाळणी निकामी होते.

या शक्यतेचे सर्वांत ठळक उदाहरण ऑनलाइन विश्वात घडले नाही, ते परवाना असलेल्या भव्य कॅसिनोंत घडले. ‘चायना युनियनपे’ या चिनी कार्डजाळ्याच्या नियमांनुसार त्या कार्डावर जुगार खेळता येत नसताना सिडनीच्या ‘द स्टार’ कॅसिनोत ग्राहकांनी त्या कार्डांवरून काढलेली सुमारे ९० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची रक्कम हॉटेलचा खर्च म्हणून दाखवली गेली, ही बाब न्यू साउथ वेल्समध्ये ॲडम बेल यांनी २०२२ मध्ये पूर्ण केलेल्या चौकशीत प्रकर्षाने पुढे आली. मेलबर्नच्या ‘क्राउन’ कॅसिनोत २०१२ ते २०१६ या काळात असाच प्रकार घडल्याबद्दल व्हिक्टोरिया राज्याच्या नियामकाने २०२२ मध्ये ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. पुढे अवैध पैशावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ऑस्ट्रॅक’ या यंत्रणेने चालवलेल्या दाव्यात फेडरल न्यायालयाने २०२३ मध्ये क्राउनच्या दोन कॅसिनोंना एकूण ४५ कोटी डॉलरचा दंड मंजूर केला. कार्डाच्या पावतीवरील एक खोटा शब्द किती महागात पडतो, हे या प्रकरणांनी दाखवून दिले.

ऑस्ट्रॅकच्या नियमांचा फटका साध्या ग्राहकालाही जाणवतो, पण तो वेगळ्या रूपात. पूर्वी ऑनलाइन खाते उघडल्यावर ओळख पटवण्यासाठी कंपनीला काही दिवसांची मुदत मिळत असे आणि तेवढ्या काळात ग्राहक पैज लावू शकत असे. २९ सप्टेंबर २०२४ पासून ओळख पटल्याशिवाय पैज स्वीकारताच येत नाही. अल्पवयीन मुले, दुसऱ्याच्या नावाने खेळणारे आणि स्वतःवर बंदी घालून घेतलेले लोक यांना दारातच अडवणे हा यामागचा हेतू आहे.

बोनसचे गणित

भरण्याइतकेच कडक नियम बक्षिसांना लागू आहेत. संघराज्य आणि राज्ये यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑनलाइन पैजेसाठी ग्राहकसंरक्षणाची दहा उपायांची राष्ट्रीय चौकट मान्य केली आणि तीनुसार खाते उघडण्यासाठी किंवा मित्राला खाते उघडायला लावण्यासाठी पैसे, व्हाउचर वा अन्य कोणताही लाभ देऊ करण्यास परवानाधारकांना मनाई झाली. खाते असलेल्या ग्राहकाला ‘बोनस पैज’ देता येते, पण त्या पैजेवर जिंकलेली रक्कम आणखी ठरावीक वेळा खेळल्याशिवाय काढता येणार नाही, अशी अट घालता येत नाही. उदाहरणार्थ, ५० डॉलरची बोनस पैज तिप्पट भावाने जिंकली, तर बोनसचे मूळ ५० डॉलर वजा होऊन उरलेले १०० डॉलर ग्राहकाला थेट बँकेत वळवता येतात. जाहिरातीचे संदेश ज्याने स्वतः संमती दिली त्यालाच पाठवता येतात.

बेकायदा परदेशी कॅसिनो ॲपवर नेमकी हीच अट सगळ्या व्यवहाराचा कणा असते. समजा, एखादे ॲप १०० डॉलर भरणाऱ्याला १०० डॉलर बोनस देते आणि बोनसच्या ४० पट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत, असे बारीक अक्षरांत लिहिते. याचा अर्थ ४,००० डॉलरच्या पैजा. खेळात कॅसिनोचा हिस्सा शेकडा ५ धरला, तर एवढ्या उलाढालीत सरासरीने २०० डॉलर कॅसिनोच्या खिशात जातात, म्हणजे बोनसही जातो आणि स्वतःचे पैसेही जातात. एखाद्याचे नशीब फळफळले आणि त्याने मोठी रक्कम जिंकली, तरी ती काढताना ॲपने नवी कागदपत्रे मागितली, कमाल मर्यादा पुढे केली किंवा खातेच गोठवले, तर दाद मागण्यासाठी ऑस्ट्रेलियातील कोणताही नियामक त्याच्या पाठीशी उभा राहू शकत नाही, कारण ती कंपनी मुळात त्या कायद्याच्या कक्षेत परवाना घेऊन आलेलीच नसते. क्रेडिट कार्ड, आभासी चलन, दुकानातून घेतलेली व्हाउचरे असे मार्ग ही ॲपे ज्या सढळपणे खुले ठेवतात, ती ग्राहकाची सोय नसून संरक्षण नसल्याची खूण असते.

अशा संकेतस्थळांना आवर घालण्यासाठी अक्मा नोव्हेंबर २०१९ पासून इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना ती अडवण्यास सांगत आली असून अडवलेल्या संकेतस्थळांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. मात्र एक पत्ता बंद झाला की नावात एखादा अंक वाढवून दुसरा उघडणे या धंद्याला अवघड नसते, त्यामुळे हे काम कधी संपत नाही.

व्याख्येबाहेरची नाणी

सोशल कॅसिनोची स्थिती सर्वांत चमत्कारिक आहे. त्यातून पैसे परत मिळत नसल्याने जुगाराचा कायदा त्याला लागू होत नाही, क्रेडिट कार्डावरील बंदी लागू होत नाही, आणि नाण्यांची खरेदी ॲप स्टोअरमधून एखाद्या साध्या खेळाच्या खरेदीप्रमाणे होते. येथली बक्षिसे म्हणजे रोज मिळणारी फुकट नाणी, वरच्या श्रेणीतील सदस्यत्व आणि झगमगाट. हरणे खऱ्या पैशांचे असते, जिंकणे मात्र कधीच नसते. यावर सरकारने वेगळ्या दारातून उपाय केला. २२ सप्टेंबर २०२४ पासून जुगाराची नक्कल करणाऱ्या खेळांना वर्गीकरणात ‘आर १८+’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी ही श्रेणी सक्तीची झाली, आणि पैसे देऊन आत काय निघेल ते न कळणाऱ्या ‘लूट बॉक्स’ पेट्या असलेल्या खेळांना किमान ‘एम’ श्रेणी, म्हणजे पंधरा वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही अशी सूचना, देण्यात आली. आधीच वर्गीकृत झालेल्या खेळांना हा नियम मागे जाऊन लागू होत नसल्यामुळे त्याचा परिणाम हळूहळूच दिसणार आहे.

वेसण आणि तिच्या मर्यादा

या चौकटीतला सर्वांत परिणामकारक भाग ग्राहकाने स्वतःभोवती घालून घ्यावयाच्या कुंपणाचा आहे. परवानाधारक ॲपवर पैसे भरण्याची कमाल मर्यादा ठरवता येते, ती कमी केली तर लगेच लागू होते आणि वाढवायची झाल्यास सात दिवस थांबावे लागते. हारजितीचा हिशेब दर महिन्याला ग्राहकाकडे येतो. २१ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘बेटस्टॉप’ या राष्ट्रीय नोंदवहीत नाव घातले, की किमान तीन महिन्यांपासून थेट आयुष्यभरापर्यंत एकही परवानाधारक ऑनलाइन वा फोनवरील पैजकंपनी त्या व्यक्तीची पैज स्वीकारू शकत नाही आणि तिला जाहिरातही पाठवू शकत नाही. तरीही ही नोंदवही पबमधल्या पोकीजपर्यंत किंवा परदेशी ॲपपर्यंत पोहोचत नाही. खासदार पीटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने जून २०२३ मध्ये ३१ शिफारशींचा अहवाल दिला. ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद कराव्यात आणि आमिषेही थांबवावीत, असे त्या समितीचे मत होते. आमिषावर अर्धी बंदी पुरेशी नाही, हा तिचा मुद्दा वर मांडलेल्या गणिताशी जुळणारा आहे.

भारतीय वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. गोव्यात मांडवी नदीतील जहाजांवर कॅसिनो परवान्याने चालतात, पण २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरील ऑनलाइन खेळ देणे, त्यांची जाहिरात करणे आणि बँकांनी त्यांचे व्यवहार पुढे नेणे यांवर बंदी घातली असून खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळले आहे. दोन्ही देशांनी खेळणाऱ्याऐवजी पैशाची वाट अडवण्याचा मार्ग निवडला. फरक एवढाच, की ऑस्ट्रेलियाने पैजेचा एक मोठा भाग परवान्याखाली चालू ठेवला.

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी सिडनी-मेलबर्नला गेलेल्या मराठी तरुणांनी आणि त्यांच्या इकडच्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की कंपनी परवानाधारक आहे किंवा नाही हे अक्माच्या संकेतस्थळावरील यादीत विनामूल्य तपासता येते. ते तपासायला वेळ नसेल, तर आणखी सोपी कसोटी आहे : खाते उघडताच बोनस देऊ करणारे आणि क्रेडिट कार्ड घ्यायला तयार असलेले, खऱ्या पैशांवरील पैजेचे वा कॅसिनोचे ॲप ऑस्ट्रेलियाचा कायदा पाळत नाही, म्हणून त्यात एक डॉलरही भरू नये.