गेमचा संगणक घरी जुळविताना : सुटे भाग घेण्यापूर्वी हे वाचा

"अब्बा, गेमचा कॉम्प्युटर घ्यायचा आहे." ही मागणी आता केवळ मुंबई-पुण्याच्या घरांतून होत नाही. हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी शिलाई, वेल्डिंग, किराणा किंवा कापसाचा धंदा करणाऱ्यांच्या घरीही ती होऊ लागली आहे. मागणी करणाऱ्या मुलाला खेळाची नावे पाठ असतात. पैसे देणाऱ्या बापाला डब्यात काय असावे हे ठाऊक नसते. या दोहोंच्या मधल्या जागेत फसवणूक होते.

हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. पुतण्याच्या हट्टापायी आम्ही एका दुकानातून तयार "गेमिंग" यंत्र आणले. रंगीत दिव्यांचा डबा, त्यावर "आय-सेव्हन, १६ जीबी" असे ठळक लिहिलेले. घरी आल्यावर खेळ सुरू होताच चित्र अडखळू लागले. डबा उघडून पाहिले, तेव्हा नव्या पेटीत २०११ सालच्या पिढीचा प्रोसेसर निघाला. कार्यालयातून बाद झालेला माल झाडून-पुसून विकला गेला होता. दुकानदाराने खोटे लिहिले नव्हते, तो आय-सेव्हनच होता. पिढी विचारायची असते, हे आम्हालाच माहीत नव्हते. पुढच्या वेळी आम्ही सुटे भाग घेऊन यंत्र घरीच जुळविले. त्यात जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पैशाची वाटणी

गेमच्या संगणकात चित्र काढण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. म्हणून एकूण रकमेतील तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के कार्डासाठी राखावेत. समजा ६० हजारांची तयारी आहे, तर २० ते २४ हजार कार्डाला द्यावेत आणि उरलेल्यात बाकीचे बसवावे. दिव्यांच्या पंख्यांवर आणि काचेच्या पेटीवर पैसे घालून कार्ड हलके घेणे म्हणजे दुकानाची पाटी चकचकीत आणि आत माल नाही, असा प्रकार होय.

"व्हॅलोरंट"सारखा २०२० साली आलेला खेळ साध्या यंत्रावरही चालतो. मोठे नवे खेळ मात्र कार्ड मागतात. मुलाला नेमके काय खेळायचे आहे हे आधी विचारावे, त्याप्रमाणे खर्च ठरवावा.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

हे दोन भाग जोडीनेच घ्यावयाचे असतात. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीला एलजीए-१७०० हे सॉकेट लागते. एएमडीच्या रायझेन ५००० मालिकेला एएम-४ आणि २०२२ नंतरच्या ७००० मालिकेला एएम-५ लागते. एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डात बसत नाही.

"आय-थ्री" ऐकून नाक मुरडू नये. १२व्या पिढीचा आय-थ्री (१२१००) हा २०११च्या आय-सेव्हनपेक्षा कितीतरी वेगवान आहे. इंटेलच्या क्रमांकापुढे "एफ" असेल, तर त्यात चित्र दाखविण्याची सोय नसते. ग्राफिक्स कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. बोर्ड जुना व प्रोसेसर नवा असेल, तर बायोस अद्ययावत आहे का, हे दुकानदाराकडून तपासून घ्यावे.

रॅम व साठवण

डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन जातींच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे बोर्ड पाहूनच रॅम घ्यावी. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेतल्यास वेग अधिक मिळतो. २०२५च्या अखेरीस जगभर डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव एकदम चढले. तेव्हा जुन्या भावाच्या भरवशावर हिशेब न करता खरेदीच्या दिवशीचा भाव विचारावा. साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी.

वीज, ऊन आणि धूळ

आपल्या भागात हे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि शहरातला सल्लागार नेमके हेच सांगत नाही. वीजपुरवठा देणाऱ्या भागाला, म्हणजे पॉवर सप्लायला, हलके समजू नये. हिशेब असा : आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट, आय-थ्री जास्तीत जास्त ८९ वॅट, बाकी भागांचे सुमारे ५० वॅट. एकूण २७० वॅटच्या घरात. यासाठी नामवंत कंपनीचा, "८० प्लस" शिक्क्याचा ५०० ते ५५० वॅटचा सप्लाय पुरेसा आहे. पेटीसोबत फुकट मिळणारा सप्लाय वापरू नये. तो जळताना महागडे कार्डही घेऊन जातो.

६०० व्हीएचा साधा यूपीएस सहसा ३६० वॅटच देतो. मॉनिटर धरून तो काठावर येतो, म्हणून १००० व्हीएचा घ्यावा. घराची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावी. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर यंत्र आधी बंद करावे.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. पेटी पुढून जाळीची व धूळगाळणी असलेली घ्यावी, भिंतीला चिकटवून ठेवू नये. कापसाच्या हंगामात दर पंधरवड्याला जाळी झटकावी.

जुने कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामात रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. सगळीच खराब नसतात, पण अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. जुन्या चिपवर नवे नाव चढवून विकलेली कार्डेही सापडतात. "जीपीयू-झेड" आणि "सीपीयू-झेड" हे दोन फुकट प्रोग्राम पेनड्राइव्हवर नेल्यास यंत्रात खरोखर काय आहे ते दोन मिनिटांत दिसते. आम्ही पहिल्या खेपेस एवढे केले असते, तर पैसे वाचले असते.

कोठून घ्यावे?

निजामाच्या काळापासून आपल्या व्यापाऱ्यांचा राबता हैदराबादशी आहे. हिमायतनगर हे मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर आहे. मुदखेडहून निजामाबादमार्गे सिकंदराबादला जाता येते. तेथील पार्कलेनचे चिनॉय ट्रेड सेंटर म्हणजे संगणकाच्या भागांची मोठी पेठ. मुंबईत हेच स्थान लॅमिंग्टन रोडला आहे. चार दुकानांचे भाव कागदावर लिहून घ्यावेत, मगच खरेदी करावी. माल पार्सलने मागवणार असाल, तर पत्त्यात "जि. नांदेड" व पिनकोड ठळक लिहावा. हैदराबादेतही एक हिमायतनगर आहे, आणि आमचा एक खोका चार दिवस तिकडेच फिरत होता.

पक्के बिल आपल्या नावाचे घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असावा. जीएसटीचे १८ टक्के वाचविण्यासाठी कच्च्या पावतीवर माल घेतला, तर वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसावे लागते. नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या संगणकाच्या कराची वजावट मिळू शकते. घरच्या खेळासाठी घेतलेल्याची नाही.

"विनाव्याज हप्ता" या शब्दालाही भुलू नये. पुष्कळ वेळा बँक व्याज लावते व विक्रेता तेवढी सूट देतो, शिवाय त्या व्याजावर जीएसटी पडतो. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांसाठी सरळ वाट आहे. आधी रायझेन ५ ५६००जी घ्यावा, त्यात चित्राची सोय अंगचीच असते आणि हलके खेळ चालतात. सप्लाय व पेटी मात्र सुरुवातीलाच पुढचा विचार करून घ्यावी. पैसे जमले की कार्ड बसवावे.

खेळ आणि रोजी

पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ केंद्र सरकारच्या २०२५च्या कायद्याने बंद केले आहेत. मुलाच्या यंत्रावर असले काही नाही, यावर घरच्यांनी नजर ठेवावी. उलट, याच यंत्रावर लग्नाच्या चित्रफितींचे संपादन, फ्लेक्स व लग्नपत्रिकांची आखणी आणि भरतकामाच्या मशीनचे नमुने तयार होतात. मोटार रिवाइंडिंग किंवा टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या आपल्या कारागिरांचा हात तर या कामाला आधीच बसलेला आहे.

आमचा पुतण्या आता गावातल्या इतरांची यंत्रे जुळवून देतो. भाग ग्राहकाच्या समोर खोलतो, सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहतो आणि मजुरी आधी सांगतो. जोडणी झाली की मॉनिटरची केबल बोर्डात न लावता कार्डात लावायची, ही सूचना तो प्रत्येकाला देतो. यंत्र चालत नाही म्हणून परत येणाऱ्यांत याच चुकीचे लोक अधिक असतात, असे तो सांगतो.