रकान्यात न मावलेली कारणं

मेळघाटातल्या एका उपकेंद्रात ऐन श्रावणात मी मृत्यूंचं रजिस्टर चाळत होते. एका नोंदीपुढे लिहिलं होतं : वय नऊ दिवस, कारण न्यूमोनिया. मी नर्सबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ताई, रकान्यात एकच कारण मावतं."

बाकीचं त्यांनी तोंडी सांगितलं. आईचं लग्न सोळाव्या वर्षी झालेलं. दिवस भरत आले तरी ती निंदणीला जात होती. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं आणि मजुरी मिळते तीही नेमकी तेव्हाच. अंगात रक्त कमी. बाळ जन्मलं पावणेदोन किलोचं. अशा बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढायचं बळ नसतं; जंतुसंसर्ग झाला की ते हा हा म्हणता हातचं जातं. त्यात नाल्याला पूर. आणि गाडी मिळाली असती तरी थोरल्या पोरांना कोण बघणार? शहरातल्या दवाखान्यात कोरकूत बोलणारं कोण भेटणार? म्हणून भुमका. त्याला हसणं सोपं आहे, पण रात्री दोन वाजता हाकेच्या अंतरावर तोच असतो.

मग हाकेच्या अंतरावर दुसरं कुणी असलं तर? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत हेच करून पाहिलं. गावातल्याच बाईला बाळाचं वजन करायला, ऊब द्यायला, श्वास मोजायला, वेळ पडल्यास इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. २०११ पासून देशभर 'आशा' घरोघरी जाऊन बाळं तपासू लागल्या. गडचिरोलीची गरिबी तेवढ्यात हटली नव्हती, हे ध्यानात घ्या. 'आधी गरिबी हटू दे' म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

२०२० मध्ये हजार जन्मांमागे बालमृत्यू देशात २८, महाराष्ट्रात १६, केरळात ६ होते. आपला सोळा ऐकून बरं वाटतं. पण सरासरीत मुंबई-पुण्याची बाळंही असतात. मेळघाट तिच्यात झाकून जातो.

राज्यात २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी एक वेळच्या ताज्या जेवणाची योजना आहे. चांगलीच आहे. फक्त जेवण दुपारी अंगणवाडीत, आणि बाई तेव्हा शेतात.

नर्सबाई उरलेली कारणं पानामागे पेन्सिलीनं लिहून ठेवतात. त्या नऊ दिवसांच्या बाळामागे सहा ओळी होत्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)