मला ताप आला तर पोळ्या कोण लाटणार?

‘आमच्या बायका लशीला घाबरतात हो!’ २०२१ च्या उन्हाळ्यात हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! सासरे, दीर, रांग सांभाळणारे कार्यकर्ते... सगळ्यांचं एकच. मैत्रिणींनो, तेव्हा मी आशाताईंबरोबर आमच्या वॉर्डात घरोघर फिरत होते. भीती होती, नाही असं नाही. पण त्या एका शब्दाखाली काय काय झाकलंय, ते दाराशी पाच मिनिटं थांबलं की कळायचं.

एका काकूंना मधुमेह. पंचेचाळिशीपुढच्या आजारी माणसांना १ मार्चपासूनच लस सुरू झाली होती. घरातल्या पुरुषांनी घेतली, काकू तशाच. का? ‘अगं, ह्यांना दोन दिवस ताप होता. मला आला तर पोळ्या कोण लाटणार?’ शेजारच्या सुनेची अडचण मोबाइलची. ओटीपी यायचा नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा दिवसभर कामावर. एका नंबरावर चौघांची नोंदणी होते, हे तिला घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि तो पाळीचा मेसेज! ‘पाळीच्या आधी आणि नंतर पाच-पाच दिवस लस घेऊ नका.’ सरकारनं एप्रिलमध्येच तो खोटा असल्याचं सांगितलं, पण भिशीच्या ग्रुपवर तो फिरतच राहिला. केंद्रावर टेबलाशी पुरुष बसलेले, त्यांना हे कोण विचारणार? बायका गुपचूप तारखा मोजत घरीच थांबल्या. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. लशीनंतर पाळीचं चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबतं, तेही तात्पुरतं, असं त्यात दिसलं. म्हणजे बायकांची शंका अगदीच हवेतली नव्हती. तेव्हा एखादी सिस्टर बाजूला घेऊन नीट बोलली असती, तर कितीतरी जणी त्याच दिवशी टोचून घरी गेल्या असत्या.

गरोदर मुलींना २ जुलैपर्यंत परवानगीच नव्हती. ती मिळाल्यावर एक सासूबाई म्हणाल्या, ‘काल नको म्हणत होते, आज घ्या म्हणतात!’ ह्याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ काही वळली नाही.

मास्कची तऱ्हा वेगळीच. बाजारात नाकावर, शेजारणीकडे गेलं की हनुवटीवर. ‘घरच्याच तर आहोत!’ ओळखीच्या माणसाकडून आजार येतो, हे पटायलाच तयार नाही कुणी. मग म्हटलं, हीच ओळख कामाला लावू. बचत गटाच्या वहीत शेजारणींच्या जोड्या लावल्या. आज तू टोचून घे, दोन दिवस डबा माझा. पुढच्या आठवड्यात माझी पाळी, डबा तुझा. ऑक्टोबरात राज्याची ‘कवच कुंडल’ मोहीम आणि नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ आली, तोवर आमच्या गल्लीतल्या बहुतेक जोड्या उरकल्या होत्या.

एका आजींनी तेवढी अट घातली, ‘भाजी तुझी चालेल, पोळ्या माझ्याच हातच्या.’ आदल्या रात्री दोन दिवसांच्या पोळ्या लाटून ठेवल्या, मगच केंद्रावर आल्या.