बागेंतील फरशी आणि खाणींतील ऋण

इंग्लंडांतील पुष्कळ घरांच्या बागांत हिरवळीच्या कडेला बसविलेली पिवळसर तपकिरी फरशी राजस्थानांतील कोटा-बुंदी भागांतल्या वालुकाश्माची असते. बाग आंखून देणारा व्यावसायिक आपल्या माळ्यांस पुरें वेतन देतो. तेवढ्यानें त्याचा व्यवहार निर्दोष ठरतो काय? त्या फरशीचा माग काढावा. आयातदार, निर्यातदार, दगड कापणारा कारखाना, ठेकेदार, आणि शेवटीं खाण. येथें गुलामगिरी साखळदंड घेऊन येत नाहीं. ती उचलीच्या रूपानें येते. लग्नकार्यासाठीं वा औषधपाण्यासाठीं घेतलेली उचल मजुरींतून फिटतां फिटत नाहीं, कारण हिशेबाची वही ठेकेदाराच्याच हातीं! दगडाच्या धुळीनें सिलिकोसिस होऊन कर्ता पुरुष खंगला, कीं तें ऋण बायकोमुलांच्या माथीं येतें, आणि मुलें फरसबंदीचे ठोकळे घडवावयास बसतात.

भारताच्या १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें असलें ऋण रद्दच ठरविलें आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणें ३ कोटि ६० लक्ष पौंड वा अधिक उलाढालीच्या व्यापारी संस्थेस वार्षिक निवेदन काढावें लागतें. मात्र ‘आम्ही कांहींच उपाय केले नाहींत’ असें निवेदनहि त्या कायद्यास चालतें! लहान बागवाले तर त्यांतून सुटलेच.

तेव्हां कारखान्याच्या प्रमाणपत्रापाशीं थांबूं नये. खाण कोणती, उचलीची नोंद मजुरापाशीं आहे काय, हें विचारावें. दोष आढळतांच खरेदी तोडणें सोपें; पण ठेकेदाराला दुसरें गिऱ्हाईक मिळतें, मजुराचें ऋण तसेंच राहतें. आधीं तें फेडवून घ्यावें, आणि त्यासाठीं फरशीचा भाव चढला तर तो द्यावा.