समाजशास्त्राची पदवी: कर्ज किती, कमाई किती?
अमेरिकेत सरकारच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या संकेतस्थळावर कॉलेज आणि विषय निवडला की पदवीधरांची मध्यक कमाई आणि मध्यक कर्ज, दोन्ही कळतं. पण आकडे जपून वाचावेत. मोजणीत फक्त सरकारी मदत घेतलेले विद्यार्थी असतात. आईवडिलांनी काढलेलं ‘पेरेंट प्लस’ कर्ज वेगळं दाखवतात, आणि पुष्कळदा घराचं कंबरडं मोडतं ते त्यानेच! समजा विद्यार्थ्याचं स्वतःचं कर्ज २७,००० डॉलर, व्याज ६.५३ टक्के (२०२४-२५ चा सरकारी दर), मुदत १० वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ३०७ डॉलर. कमाईचं म्हणाल, तर समाजशास्त्रज्ञाचा लाखभर डॉलरचा वार्षिक पगार ऐकून हुरळून जाऊ नये. त्या पदाला सहसा एमए लागतं, आणि देशभरात अशी पदं जेमतेम काही हजार.