सरकती स्पर्शिका, उलगडणारे प्रमेय

बारावीच्या विज्ञान शाखेत कलनशास्त्र शिकताना लाग्रांजचे मध्यमान प्रमेय हमखास भेटते. बहुतेक विद्यार्थी ते पाठच करतात: फल बंद अंतरालात सतत आणि खुल्या अंतरालात विकलनीय असेल, तर आत असा एक तरी बिंदू मिळतो, की तेथील स्पर्शिका दोन टोकांना जोडणाऱ्या छेदिकेला समांतर असते. गुण मिळतात, पण या अटी कशासाठी, हे कळत नाही.

वास्तविक प्रमेयाचा आशय व्यवहारातलाच आहे. अर्ध्या तासात ५५ किलोमीटर कापणाऱ्या मोटारीचा सरासरी वेग ताशी ११० किलोमीटर. चालक काहीही म्हणो, वाटेत निदान एका क्षणी तिचा वेग नेमका ११० होताच!

हा आशय डोळ्यांना दाखवण्याचे काम 'जिओजेब्रा' ही संगणकप्रणाली करते. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये तिची सुरुवात केली. विद्यार्थी-शिक्षकांना ती विनामूल्य वापरता येते. वक्र काढायचा, त्यावर छेदिका आखायची आणि तिसऱ्या बिंदूवरील स्पर्शिका माऊसने सरकवत न्यायची.

क्षच्या घनाचा आलेख शून्य ते ३ या अंतरालात घेतला, तर छेदिकेचा चढ ९ येतो. सरकणारी स्पर्शिका १.७३ च्या आसपास तिला समांतर होते. क्षच्या वर्गाच्या आलेखावर मात्र टोके कुठेही ओढा, हा बिंदू बरोबर मध्यावरच राहतो. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्याला आपणहून पडतो. अर्थात, माऊस त्याच्या हाती असेल तर; शिक्षकांनी पडद्यावर नुसते दाखवले, तर तो फळाच झाला.

खरी गंमत अट मोडण्यात आहे. क्षच्या केवल मूल्याचा आलेख उणे १ ते २ या अंतरालात घ्या. छेदिकेचा चढ एक तृतीयांश. स्पर्शिकेचा मात्र उणे १ किंवा अधिक १ एवढाच. शून्यापाशी कोपरा येतो आणि चढ मधली सर्व मूल्ये ओलांडून उडी मारतो. समांतर स्पर्शिका सापडतच नाही. विकलनीयतेची अट कशासाठी, हे इथे दिसते.

पडद्यावर समांतर दिसणे म्हणजे सिद्धता नव्हे, हेही सांगायला हवे. पण सिद्धतेची वाट इथूनच जाते. क्षच्या घनातून छेदिकेची उंची, म्हणजे ९ क्ष, वजा करून नवा वक्र काढा. त्याची दोन्ही टोके शून्यावर येतात, म्हणजे आता रोलचे प्रमेय लागू होते. आणि त्या वक्राचा तळ सापडतो तोही १.७३ पाशीच.